बिबट्याच्या नावाने आलेला फोन

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे मला कधी कधी सौभाग्यवतींना विचारावं लागतं. पण ठाण्याच्या आवारात मेंढ्या आणि कोकरं समोरासमोर उभी केली आणि पंचनामा लिहिणाऱ्या रायटरचं पेन हातातच राहिलं, ती सकाळ मात्र अजून लख्ख दिसते.

माझ्या सेवेची शेवटची वर्षं जुन्नर आणि आंबेगाव या भागात गेली. इथे नव्याने बदलून आलेल्या पोलिसाला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. एक, हायवेवरचे अपघात आणि दुसरी, बिबट्याचे फोन. उसात काही हललं की लोक आधी ठाण्याला फोन करतात, मग वन विभागाला, आणि मग पाहुण्यांना. आम्ही वन विभागाला कळवायचो, एक गाडी पाठवायचो आणि स्टेशन डायरीला नोंद घ्यायचो.

मग वारूळवाडीच्या एका तरुण इंजिनिअरने यावर उपाय काढला. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला होता. त्याने मोबाईलचं एक ॲप तयार केलं. बिबट्या किंवा त्याचा माग दिसला की बटण दाबायचं, की आसपासच्या सगळ्या फोनवर भोंगा वाजायचा. ॲप फुकट होतं आणि खरोखर कामाचं होतं. उसाच्या बांधावर गवत कापणारी एक बाई भोंगा ऐकून रस्त्यावर आली आणि थोड्याच वेळात त्याच फडातून बिबट्या बाहेर पडला, हे मी स्वतः त्या बाईच्या तोंडून ऐकलं आहे. त्यामुळे गावोगाव लोकांनी ते घेतलं. मेंढपाळांनी तर आधी घेतलं, कारण रात्र उघड्या रानात काढायची त्यांनाच.

एके दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मी केबिनमध्ये रात्रपाळीचा अहवाल पाहत होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला.

"माझी कोकरं कवा परत आनून देताय ते सांगा. बास, दुसरं काय न्हाई."

"मावशी, कोणती कोकरं?"

"घ्या! सरकारनं नेलेली! बिबट्यापासनं वाचवाय नेली न्हाईत का तुमी?"

मी बाहेर आलो. साठीच्या आसपासची मेंढपाळ बाई, डोक्यावर पदर, हातात काठी. शेजारी तिची सून, हातात मोबाईल. दोघी पिंपरी पेंढारच्या शिवारातून आल्या होत्या. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात त्यांची मेंढरं बसवली होती, म्हणजे शेताला खत मिळावं म्हणून कळप मुक्कामाला ठेवला होता. बाई तक्रार द्यायला आल्याच नव्हत्या. त्या आपली जनावरं परत न्यायला आल्या होत्या.

मी त्यांना आत बसवलं, चहा सांगितला आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

आदल्या आठवड्यात, दुपारी, नवरा आणि मुलगा मोठी मेंढरं चारायला गेले होते. लहान कोकरं जाळीच्या कोंडवाड्यात आणि राखणीला या दोघी. फोन आला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. ॲपच्या ऑफिसातून बोलतोय, वन विभागाच्या सोबत काम करतो, तुमच्या वाड्याजवळ बिबट्याची मादी पिल्लांसकट दिसली आहे. मोठ्या मेंढरांना ती हात लावणार नाही, पण कोकरं उचलेल. पिंजरा लागेपर्यंत आम्ही कोकरं सुरक्षित ठिकाणी ठेवतो, गाडी जवळच आहे.

"मग तुम्ही विश्वास कसा ठेवला, मावशी?"

"का न ठिवावा? त्यानं माझं नाव घेतलं. ल्योकाचं नाव घेतलं. म्हनला, परवापर्यंत तुमी वढ्याच्या पल्याड व्हता, काल हिकडं आलाय. आता हे बिबट्याला न् सरकारलाच ठावं असनार की न्हाई?"

थोड्या वेळाने एक पिकअप आली. खाकी जाकीट घातलेले दोघे उतरले. एकाच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी होती, ओळखपत्र मात्र खिशात. बाईंनी एकेक कोकरू उचलून त्यांच्या हातात दिलं.

"लई चांगलं बोलत व्हता. सावकाश द्या मावशी, लागंल त्यांना, म्हनला."

एवढं सांगून झाल्यावर त्या माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. पोलिसाचा चेहरा शक्यतो कोरा असावा असं आम्हाला शिकवतात, पण माझा तेव्हा नसावा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, सरकारनं न्हाई नेली?"

"नाही मावशी."

त्या रडल्या नाहीत. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, "मी माझ्या हातानं दिली. घरात काय सांगू?" कोकरं म्हणजे त्यांचं वर्षाचं उत्पन्न. पण त्या क्षणी त्यांना आकड्यापेक्षा आपल्याच हातांनी दिल्याचं जास्त लागलं होतं.

फसवणूक आणि शासकीय माणूस असल्याची बतावणी, असा गुन्हा दाखल करून घेतला. पत्रकारांना कळलं, गावात कळलं, आणि मग आणखी दोन मेंढपाळ कुटुंबं पुढे आली, एक आंबेगावच्या बाजूचं. त्यांच्या बाबतीत हुबेहूब तेच घडलं होतं. इतके दिवस का गप्प बसलात, असं मी विचारलं नाही. फसलेला माणूस आधी लाजतो, मग चिडतो आणि शेवटी ठाण्यात येतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

अशा गुन्ह्यात पहिला संशय माहितीतल्या माणसावर जातो. वाडा कुठे हलवला, मुलाचं नाव काय, कोकरं किती, हे परक्याला कसं कळणार? मावशींनीही लगेच बोट दाखवलं: भावकीतला एक दीर. चराईच्या रानावरून त्यांच्यात बोलणं बंद होतं. त्याला बोलावून घेतलं. तो आला तोच संतापलेला. मी चौकशी सुरू केली, फोनवर काय बोलणं झालं ते वाचून दाखवलं. मावशींच्या जबाबात एक वाक्य होतं: फोन करणारा म्हणाला, तुमच्या बावीस कोकरांसाठी मोठी गाडी पाठवतो.

ते ऐकून दीर हसायलाच लागला.

"साहेब, मी चोर असतो तर बावीस म्हनलो असतो व्हय? हिच्याकडं बावीस व्हती कवा? एकोनीस हाईत. समद्या शिवाराला ठाव हाय, एकोनीस!"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "एकोनीसच. तो बावीस म्हनला तवा मला वाटलं, सरकारी मानूस हाय, मोजनीत चुकत आसंल."

कोपऱ्यात उभी असलेली सून मात्र खाली बघत होती. मी तिला बाहेर नेऊन नीट विचारलं.

"साहेब, रागवू नका. त्या ॲपात मोठी मेंढरं किती, कोकरं किती म्हनून इच्यारलं व्हतं. उद्या बिबट्यानं नेली तर भरपाईला बरं पडंल म्हनून मी तीन कोकरं वाढवून घातली. आत्याबाईंना सांगितलं न्हाई."

मी तिला रागावलो नाही. उलट तिचे आभार मानले. कारण बावीस हा आकडा या पृथ्वीवर एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण म्हणजे ते ॲप. शिवारातल्या कोणत्याही माणसाने एकोणीस सांगितलं असतं. चोराने कोंडवाडा पाहिलाच नव्हता, त्याने फक्त पडदा पाहिला होता. दिराला मी चहा पाजून सोडलं. जाताना तो मावशींना म्हणाला, "वैनी, माझ्यावर आळ घेतलास, पर कोकरं शोधाय मी येतो." बोलणं तिथेच सुरू झालं.

इंजिनिअरला समन्स पाठवलं नाही, फोन करून बोलावलं. तिशीतला, चष्मा, घाबरलेला. आपल्या ॲपवर गुन्हा नोंदवला जाणार असं समजून तो रात्रभर झोपला नसावा. मी त्याला आरोपी धरलं नव्हतं, पण ते त्याला लगेच सांगितलंही नाही.

"मेंढपाळांची नावं, मुलांची नावं, नंबर, ते कुठे आहेत, जनावरं किती, हे सगळं तुझ्याकडे आहे?"

"आहे सर. पण सगळ्यांनी परवानगी दिलेली आहे. परवानगी दिल्याशिवाय ॲप उघडतच नाही."

त्याने दाखवलं. पडद्यावर बारीक इंग्रजीत लांबलचक मजकूर, आणि खाली एक बटण. मग दुसरा प्रश्न, अलाउ. तिसरा प्रश्न, पुन्हा अलाउ. मावशी बाहेर बाकावरच होत्या. मी त्यांना आत बोलावलं.

"मावशी, तुमच्या फोनमधले सगळ्यांचे नंबर घ्यायला, आणि तुम्ही कुठे आहात ते सारखं बघायला, तुम्ही यांना परवानगी दिली होती का?"

"मी? कवा?"

सून म्हणाली, "आत्याबाई, ते ‘अलाउ’ आलं व्हतं ना, त्येच."

"हां, ते व्हय! मी हिला म्हनलं, काय इच्यारतंय? ही म्हनली, अलाउ. मी म्हनलं, आला तर न्हाई अजून, पर दाब. आल्यावर ऐन वख्ताला कोन दाबत बसंल?"

दारात उभा असलेला हवालदार हसला, मी हसलो, इंजिनिअरही हसला. मग त्याचं हसू एकदम थांबलं. त्याला कळलं की तो ज्याला परवानगी म्हणत होता ती हीच.

"बिबट्याचा भोंगा वाजवायला यांच्या मुलाचं नाव कशाला लागतं?" मी विचारलं.

"नाही लागत, सर."

"फोनमधले नंबर?"

"ते... तयार कोड मिळतो, त्यात होतंच. सगळी ॲपं घेतात. म्हटलं, असू दे, पुढे कधीतरी उपयोग होईल."

पुढे कधीतरी उपयोग होईल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ या चार शब्दांत होतं. त्याच्या मनात पाप नव्हतं. फाटकावर राखणीला ठेवलेल्या माणसाने उगाच घरात जाऊन धान्याच्या कणग्या मोजाव्यात आणि आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, तसं त्याने केलं होतं. चोर पुढे आला तो ती भिंत वाचायला.

"तुझ्याशिवाय हे कोण बघू शकतं?"

इथे तो अडखळला. ॲप चालवायला सर्व्हर लागतो, त्याचा खर्च असतो. मंचरचा एक पशुखाद्य विक्रेता तो खर्च उचलायला तयार झाला होता. बदल्यात त्याला कोणाकडे किती जनावरं आहेत ते दिसणारा पडदा उघडून दिला होता, म्हणजे कुठे माल खपेल ते त्याला कळावं.

"हे मावशींना सांगितलं होतं?"

मावशीच बोलल्या. "म्हंजी मी बिबट्याच्या भ्यानं सांगितलं, आन् तू ते पेंडवाल्याला सांगितलंस?" आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. इंजिनिअर खुर्चीवरून उठून उभा राहिला. माझ्या कोणत्याही प्रश्नाला तो तसा उठला नव्हता.

त्या वेळी लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला होता, पण त्याचे नियम यायचे होते. पुण्यात एका प्रशिक्षणात मी त्याबद्दल ऐकलं होतं. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची. लागेल तेवढीच घ्यायची. कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगायचं, आणि माणसाला हवं असेल तर मराठीतही सांगायचं. माणूस नको म्हणाला की थांबायचं, पुसायचं. ऐकताना मला वाटलं होतं, हे मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्या ठाण्याशी याचा काय संबंध? आणि त्या कायद्यात पोलिसाने कुणाला बेड्या घालाव्यात असं काही नाही. दंड करणारं मंडळ वेगळं आहे. पण त्या दिवशी, खुर्ची सोडून उभ्या राहिलेल्या त्या इंजिनिअरला पाहताना, प्रशिक्षणातलं एकेक वाक्य मला समोर घडलेलं दिसत होतं.

मंचरच्या पशुखाद्य विक्रेत्याला बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळीकडे ओळखी, आल्याआल्या दोन पुढाऱ्यांची नावं सांगून झाली. मी म्हटलं, जरा तो पडदा उघडून दाखवा. गड्याला उघडताच येईना. चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकून झाल्यावर त्याने कबूल केलं की ते सगळं त्याच्या पिकअपचा ड्रायव्हर बघायचा. ड्रायव्हरच रोज सांगायचा, आज या गावाला चला, इथे जनावरं जास्त आहेत. तो ड्रायव्हर काही महिन्यांपूर्वी काम सोडून गेला होता. पासवर्ड मात्र त्याच्याकडेच राहिला. इंजिनिअरने तिथल्या तिथे तपासलं, तर तो पडदा मंचरच्या आसपासच्या एका फोनवरून अजूनही नियमित उघडला जात होता.

नंबर मिळाला होता, माणूस मिळायचा होता. पत्त्यावर तो राहत नव्हता आणि सरळ फोन केला असता तर सावध झाला असता. तेव्हा आमच्या हवालदाराने तोड काढली. हवालदार स्वतः मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडील शेतीला लागले आणि हा पोलिसात आला.

"साहेब, त्याला बाहेर शोधायचं कशाला? त्याला हवं ते ॲपात घालू. तोच येईल."

इंजिनिअरने ॲपमध्ये एक खोटा मेंढपाळ तयार केला. नाव कल्पित, नंबर हवालदाराच्या घरचा, ठिकाण एका ओसाड माळाजवळचं, कोकरं एकतीस. मग आम्ही वाट बघत बसलो. बंदोबस्त, वाहतूक, एक लग्नातली मारामारी, ठाण्याचं रोजचं काम चालूच होतं. हवालदाराने तो फोन खिशात ठेवला होता आणि तो वाजला की सगळं ठाणं त्याच्याकडे बघायचं. दोनदा त्याच्या मेव्हण्याचाच फोन निघाला.

तिसऱ्यांदा मात्र हवालदाराने एक बोट वर केलं.

"कोन? ऑफिसातून? काय म्हन्ता राव! बिबट्या?"

गडी असा काही बोलला की नाटकात काम करणाऱ्याने बघत राहावं. आवाज म्हातारा केला, खोकला काढला, बिबट्याचं नाव ऐकून "आगं माझे आये" म्हणाला. पलीकडच्याने एकतीस कोकरांसाठी गाडी पाठवतो म्हटल्यावर तर याने सरकारला आशीर्वादही दिले. फोन ठेवला आणि मला सॅल्यूट ठोकून म्हणाला, "साहेब, दुपारी येतायत. मला एक पागोटं आणि थोडी कोकरं लागतील."

कोकरं मावशींच्या दिराने दिली. माळावर जाळी लावली, हवालदार घोंगडं टाकून बसला आणि आम्ही जवळच्या विहिरीच्या पंपघरात दबा धरून राहिलो. एका कोकराला हवालदाराचा लळा लागला. ते सारखं मांडीवर चढायचं आणि हवालदार त्याला सारखं खाली ठेवायचा. पिकअप आली तेव्हाही ते मांडीवरच होतं. खाकी जाकीटवाले दोघे उतरले. एकाने गोड आवाजात विचारलं, "काका, एकतीस म्हणाला होता, ही तर कमी दिसतात?"

"बाकीची त्या पंपघरात हाईत," हवालदार म्हणाला. "बोलवू का?"

आम्ही बाहेर आलो. पळापळ झाली नाही. पळायला माळावर जागा पुष्कळ होती, पण ड्रायव्हरचे पाय कोकरांत अडकले आणि तो खाली बसला. दुसरा त्याचा चुलतभाऊ होता, त्याने हात आपणच वर केले.

ठाण्यात मात्र ड्रायव्हर सराईतासारखा बोलू लागला. मंचरच्या पुढे भाड्याने घेतलेल्या एका शेडमध्ये आम्हाला बरीच कोकरं सापडली. सणाला भाव चढेपर्यंत ती तिथे पोसायची होती. त्याचं म्हणणं, ही मी बाजारातून विकत घेतली. आज खोटं बोलून गाडी आणली, तेवढी चूक झाली.

"कोणाकडून घेतली?"

"बाजारात कोण नाव विचारतं, साहेब?"

अडचण खरी होती. कोकरांवर खूण नव्हती. मला तर ती सगळी एकसारखी दिसत होती, आणि न्यायालयात "हे माझंच" एवढ्यावर मुद्देमाल परत मिळत नाही. मावशी म्हणत होत्या, मी वळखते. पण त्या फिर्यादी, त्यांच्या शब्दावर आरोपीचा वकील हरकत घेणार. यावर हवालदार म्हणाला, "साहेब, मालकाला नका विचारू. आईला विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच बोलावले, एक निवृत्त शिक्षक आणि एक चहावाला. आवाराचं फाटक बंद केलं. एका बाजूला शेडमधून आणलेली सगळी कोकरं जाळीत, दुसऱ्या बाजूला मावशींच्या नवऱ्याने आणलेल्या मेंढ्या. आरोपीला खिडकीतून दिसेल असं उभं केलं. रायटर टेबल टाकून पंचनाम्याला बसले. मग जाळी उघडली.

पुढची काही मिनिटं ठाण्यात फक्त बें बें ऐकू येत होतं. मेंढी नाक खाली घालून एकेक कोकरू हुंगायची आणि पुढे जायची. चुकून दुसऱ्याच्या आईला लुचायला गेलेल्या कोकराला अशी ढुशी बसायची की ते गिरकी घेऊन पडायचं. आणि आपलं सापडलं की मेंढी थांबायची, कोकरू खाली गुडघे टेकायचं, शेपटी भिरभिर हलायची. एक जोडी, दुसरी, तिसरी. शिक्षक मोठ्याने मोजत होते. चहावाला टाळ्या वाजवायला लागला तेव्हा मी त्याला पंचाने टाळ्या वाजवायच्या नसतात असं सांगितलं, पण माझाही हात खिशात धरून ठेवावा लागला. काही कोकरं कोणत्याच मेंढीजवळ गेली नाहीत. ती दुसऱ्या दोन कुटुंबांची निघाली.

अठरा जोड्या लागल्या. एक कोकरू शेडमध्येच दगावलं होतं. त्याची आई फाटकापर्यंत जायची, परत यायची, प्रत्येक कोकराला हुंगायची. मावशींनी पुढे होऊन तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला हलकेच बाजूला नेलं.

मी आत वळलो. ड्रायव्हर खिडकीपाशी उभा होता. मी काही विचारण्याआधी म्हणाला, "लिहून घ्या साहेब." मग सगळं सांगितलं. पडद्यावर रोज नकाशा बघून त्याला सुचलं होतं. "मला कुठं फिरावंच लागलं नाही," तो म्हणाला. "सगळं त्यातच होतं. नुसतं मायेनं बोलावं लागलं."

प्रकरण इथे संपलं असतं तर ते कोकरं चोरीचं एक प्रकरण राहिलं असतं. पण गावोगाव लोक ॲप काढून टाकू लागले. पिंपरी पेंढारला देवळासमोर सभा भरली, तिथे एकजण उठून म्हणाला, "नको ते ॲप! त्यापरीस बिबट्या परवडला!" टाळ्या पडल्या. वनरक्षक कळवळून सांगत होते की असं करू नका, ऊसतोड तोंडावर आहे. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. भोंगा नसेल तर कोणाचा तरी जीव जाईल आणि आहे तसा ठेवला तर कोणीही मायेने बोलून घरात शिरेल.

मी इंजिनिअरला उभं केलं. त्याने लांबण लावली नाही. "मी जास्त मागितलं, आणि न विचारता दुसऱ्याला दाखवलं. नवीन करून आणतो. पटलं तरच घ्या." तपासाला लागणारी प्रत आम्ही आधीच सील करून घेतली होती. बाकीची सगळी माहिती त्याने लोकांसमोर पुसली. पशुखाद्यवाल्याचा पडदा बंद झाला. सर्व्हरचा खर्च गावांनी वर्गणीतून उचलायचं ठरवलं.

नवीन ॲप घेऊन तो आला तेव्हा पहिल्यांदा मावशींच्या वाड्यावर गेला. मीही गेलो. आता प्रश्न मराठीत होते, मोठ्या अक्षरात. तुमचं गाव निवडा, म्हणजे त्या गावात बिबट्या दिसला तर कळवता येईल. बास. जनावरं, मुलंबाळं, फोनमधले नंबर, काही नाही. एकच जादा प्रश्न होता, ॲप सुधारण्यासाठी तुम्हाला अधूनमधून फोन केला तर चालेल का? सुनेने तो मोठ्याने वाचला.

मावशींनी विचार केला. "न्हाई म्हनलं, तर भोंगा वाजंल न्हवं?"

"वाजेल की, मावशी," इंजिनिअर म्हणाला.

"मग न्हाई दाब." आणि लगेच त्याच्याकडे वळून, "तुला याचं आसंल तर हितं ये. भाकरी खा. फोन कशाला?"

नंतर त्या कायद्याचे नियमही आले आणि आता ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. इंजिनिअरचा फोन आला होता. म्हणाला, सर, मला फारसं काही बदलावंच लागणार नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आयुष्यभर मी चोराने कुलूप कसं तोडलं याचा तपास केला. इथे कुलूप तुटलंच नव्हतं. किल्ली आपणच देऊन बसलो होतो, आणि ज्याला दिली त्यालाही ती कशाला हवी ते माहीत नव्हतं. माहिती मागणारा दर वेळी चोर नसतो. बहुतेक वेळा तो सवयीने मागतो आणि आपण सवयीने देतो. कायदा चांगला आहे, पण तो माझ्या वतीने दुकानात जाऊन बोलणार नाही. "कशाला?" हा प्रश्न माझा मलाच विचारावा लागतो.

परवाच मंचरला चप्पल घ्यायला गेलो होतो. बिलाच्या काउंटरवर बसलेली मुलगी संगणकात बघतच म्हणाली, "सर, नंबर?"

"आठ."

"चपलेचा नाही सर, मोबाईलचा."

"तो कशाला लागतो?"

तिने मान वर केली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसावा. "सिस्टीम मागते ना."

माझ्या मागे कांद्याच्या गाडीवरचा एक गडी उभा होता. तो म्हणाला, "मलाबी लई दिवस तेच इच्यारायचं व्हतं राव. चप्पल काय मला फोन करनार हाय?" रांगेत हशा पिकला. मुलगी थोडी लाजली, मग तिने रकाना तसाच मोकळा ठेवून बटण दाबून पाहिलं. मशीन घरघरलं आणि कागद बाहेर आला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि स्वतःशीच म्हणाली,

"अय्या, निघतंय की बिल!"